रोज सकाळी रुसणारं मशीन

९ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. घाईतला आहे, गोड मानून घ्या.

तुमचं ब्रेलचं मशीन थांबलंय. म्हणजे मशीन ठणठणीत आहे, त्याला चालवणारा कंप्युटर गेला. गेल्या सोमवारी दुपारी भूगोलाच्या पुस्तकाचं बेचाळिसावं पान निघत असताना पडदा काळा झाला तो झालाच. बावीस वर्षं त्या सहा हातोड्यांची ठकठक ऐकून ऐकून आमच्या छापखान्यातली माणसं ओरडूनच बोलतात. त्या दिवशी बाइंडरकाका नेहमीसारखे ओरडले आणि स्वतःच दचकले.

मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "बिघाड फोनवर सांगायचा नसतो, लिहून पाठव," आणि फोन ठेवलात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझा भाऊ लहानपणी पोट दुखलं तरी चिठ्ठी लिहायचा." तेव्हा ही घ्या चिठ्ठी.

चिटणीससाहेब म्हणतात, वीस मार्चला मंडळाची बैठक छापखान्यातच होणार. तोवर मशीन चाललं तर ठीक, नाहीतर ते भंगारात देऊन अंध शाळेची सगळी पुस्तकं बाहेरून छापून घ्यायची. मग बाइंडरकाकांनी शिवायचं काय, आणि वाचकबाईंनी तपासायचं काय? तुमच्या त्या वाचकबाई, ज्यांना जन्मापासून दिसत नाही आणि तरी ज्यांच्या बोटांतून माझी एक चूक सुटत नाही. शनिवारी त्या दिवसभर बंद मशीनवर हात ठेवून बसल्या होत्या. मला ते बघवेना.

मी पानं जुळवायला इथे लागले त्याला जेमतेम आठ महिने झाले, पण "कंप्युटरवाली" म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलंय. हातोडे चालवणारं तुमचं कार्ड नव्या कंप्युटरात बसत नाही, म्हणून दुरुस्तीवाल्याकडून दहा-बारा वर्षांचा एक जुना आणला. तुमच्या वहीत लिहिलंय ती रिअल-टाइम सिस्टिम उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. पण कंप्युटर चालू होत नाही. काहीतरी एरर येते. काय करू?

तुमची,
बारकी

ता. क. साधी, सगळ्यांकडे असते ती सिस्टिम टाकली तर नाही का चालणार? ती तर पाच मिनिटांत बसते.

१४ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. पैकी निम्मे परत घेतो आहे, कारण "काहीतरी एरर येते" हे वाक्य माझ्या भाचीने लिहिलं यावर माझा विश्वास बसत नाही. डॉक्टरकडे जाऊन "कुठेतरी काहीतरी होतंय" म्हणशील का? पडद्यावर जे शब्द येतात ते जसेच्या तसे उतरवून काढ. मी कामावर होतो तेव्हा तक्रार कागदावर आल्याशिवाय पान्याला हात लावत नसे. लोक मला खडूस म्हणायचे. पण लिहायचं म्हटलं की माणूस आधी नीट बघतो. निम्म्या तक्रारी लिहितानाच मिटायच्या.

आता तुझ्या ता. क.बद्दल. साधी सिस्टिम म्हणजे ऑफिसातला कारकून. काम करतो, हुशारही असतो, पण आपल्या सवडीने. आपल्याला सवड चालत नाही. कागद पुढे सरकतो, क्षणभर थांबतो, आणि नेमक्या त्या क्षणी हातोडा पडला पाहिजे. लवकर पडला तरी चूक, उशिरा पडला तरी चूक. केसभर इकडेतिकडे झालं की ठिपका भलत्या जागी उठतो आणि मुलांच्या बोटाखाली दुसरंच अक्षर येतं. भूगोलात नदी डोंगर चढायला लागते. म्हणून रिअल-टाइम. तिला घाई नसते, तिला वेळ पाळायची असते. तुझ्या आईला हा फरक मी चाळीस वर्षं समजावतो आहे.

पेनड्राइव्हचं विचारतो. तू त्यावर ती फाइल नुसती नेऊन ठेवलीस ना? मला खात्री आहे. बियांचं पाकीट न फाडता मातीत पुरायचं आणि रोज पाणी घालायचं, तसं झालं ते. ती फाइल पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, वहीच्या शेवटच्या पानावर नाव आहे.

आणि बाई, तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. जाड काळ्या पेनाने, मोठं लिही. कागद वाचवल्याबद्दल मंडळ तुला शाल देणार नाही.

मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. हे बघा जाड पेन. दुकानाच्या पाट्या रंगवतात तो आणलाय. आता या अक्षरात एका पानावर माझी चार वाक्यं मावतात, तेव्हा लांबलचक पत्राची अपेक्षा ठेवू नका.

पाकीट न फाडताच पुरलं होतं. कबूल. तुम्हाला कसं कळलं हे विचारणार नाही, कारण तुम्ही सांगणार आणि मग मला ते ऐकावं लागणार.

आता पेनड्राइव्ह नीट तयार केलाय. कंप्युटरला तो दिसतो, नावही घेतो, आणि मग लाल चौकटीत हे येतं. अक्षर न अक्षर उतरवलंय: "सिक्युरिटी व्हायोलेशन. इनव्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड." त्याखाली फक्त ओके म्हणायची सोय आहे. मी ओके म्हणते, तो बंद होतो. मला तर कंप्युटरच वाकडा वाटतो.

हो, माझ्या मुंग्यांना नावं ठेवता, पण तुमच्या ओळींना काय झालंय? डावीकडून निघतात त्या सरळ उताराला लागतात. शेवटच्या ओळीतलं "मामा" तर कागदाच्या कडेवरून पडायच्या बेतात होतं. आरामखुर्चीत पाय पसरून लिहिता ना? आईला सांगते थांबा.

वाचकबाई रोज विचारतात, "मामांचं काय आलं?" मी वाचून दाखवते. नदी डोंगर चढते त्यावर त्या इतक्या हसल्या की बाइंडरकाका आत आले.

बारकी

२३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

नाचता येईना अंगण वाकडं. कंप्युटर वाकडा नाही, सज्जन आहे. त्याच्या दारावर पहारेकरी बसवलाय. ज्या सिस्टिमवर मोठ्या कंपनीचा शिक्का नाही तिला तो आत घेत नाही. आपली रिअल-टाइम काही हौशी माणसांनी मिळून जमवलेली, तिच्याकडे शिक्का कुठला? चालू करताना डिलीट की दाबून धर, सेटिंग उघडतील. तिथे सिक्युअर बूट म्हणून एक ओळ आहे, ती बंद कर. आणि बाहेर पडताना सेव्ह कर. सेव्ह कर. तिसऱ्यांदा लिहीत नाही.

माझ्या ओळींची काळजी करू नकोस. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

आईला काही सांगू नकोस. ताईला सांगितलं की ती डबा घेऊन येते आणि आठ दिवस राहते.

वाचकबाईंना नमस्कार सांग. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी मला ठिपके शिकवायला घेतलं होतं. मी पहिल्याच धड्याला म्हणालो, "बाई, मला डोळे आहेत की." त्या म्हणाल्या, "असू द्या की." मग मी गेलोच नाही. मशीन मी बांधलं, पण त्यातून निघालेलं एक पान मला वाचता येत नाही. गंमत आहे.

मामा

१ मार्च

ती. मामा,

नमस्कार, आणि पेढे-बिढे काही नाहीत, कारण अर्धंच जमलंय.

पहारेकऱ्याला घरी पाठवलं. सिस्टिम बसायला दोन तास लागले. सगळे माझ्या मागे उभे, चिटणीससाहेबसुद्धा. शेवटी "पूर्ण झालं, पेनड्राइव्ह काढा, पुन्हा चालू करा" असं आलं. मी ऐटीत पेनड्राइव्ह काढला, चालू केलं, आणि पडदाभर अक्षरं धावून शेवटी थांबला तो असा: "कर्नल पॅनिक. अनेबल टू माउंट रूट." चिटणीससाहेब म्हणाले, "पॅनिक म्हणजे घाबरला ना?" मी म्हटलं, तो नाही, मी. ते वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

गंमत म्हणजे पेनड्राइव्ह परत लावला की चालतं! काढला की पॅनिक. तुमच्या नियमाप्रमाणे शब्द उतरवलेच आहेत, शिवाय पूर्ण पडद्याचा फोटो छापून सोबत ठेवलाय. शेवटून तिसरी ओळ नीट बघा, तिथे एक नंबर आहे, त्याचा मला संशय येतो.

बाकी एक किरकोळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेकरी परत दारात उभा होता, तीच लाल चौकट. मीच सेव्ह करायला विसरले असेन. ओरडू नका, तुम्ही तीनदा लिहायला हवं होतं.

एकोणीस दिवस उरले.

बारकी

४ मार्च

चि. बारकीस,

फोटो पाहिला. छान स्पष्ट आला आहे, अक्षरं सुटी सुटी वाचता येतात. तुझा संशय बरोबर आहे.

सोपं आहे. सिस्टिम बसवताना कंप्युटरात दोन डिस्क होत्या. तुझा पेनड्राइव्ह पहिला धरला गेला आणि आतली खरी डिस्क दुसरी. सिस्टिमने लिहून ठेवलं, "माझं घर दुसऱ्या नंबरला." तू पेनड्राइव्ह काढलास, दुसरी होती ती पहिली झाली. आता बिचारी दुसऱ्या नंबरचं दार शोधते, तिथे दारच नाही, मग घाबरणार नाही तर काय करेल? प्रत्येक डिस्कला स्वतःचं कायमचं लांबलचक नाव असतं, ते शेजारी कुणी आलं-गेलं तरी बदलत नाही. पेनड्राइव्ह लावून सुरू कर, ते नाव शोध, आणि सुरू होण्याच्या फाइलमध्ये नंबर खोडून ते नाव लिही. वहीत पान छत्तीस.

आणि सेव्ह केलं नाहीस. सेव्ह केलं नाहीस! तुझ्या जन्माच्या वेळी मीच ताईला म्हणालो होतो, पोरगी हुशार दिसते. माणसाने घाईत बोलू नये.

मामा

९ मार्च

ती. मामा,

चाललं! शुक्रवारी साडेतीन वाजता! पेनड्राइव्ह खिशात, मशीन चालू, सहाही हातोडे ठकठक करत सुटले. बाइंडरकाका ओरडून काहीतरी म्हणाले आणि कुणालाच ऐकू आलं नाही, म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं. वाचकबाईंनी पहिलं पान हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत बोटं नेली आणि म्हणाल्या, "नदी खाली वाहतेय." मामा, मी रडले. सांगून टाकते.

आता पुढचं ऐका. शनिवारी सकाळी आले, बटण दाबलं. लाल चौकट. पहारेकरी हजर. मी पुन्हा बंद केलं, सेव्ह केलं, बाइंडरकाकांना साक्षीला उभं करून सेव्ह केलं. दिवसभर मशीन घोड्यासारखं धावलं. मी चार वेळा बंद-चालू करून पाहिलं, चारही वेळा गुमान उठलं. आज सोमवार, सकाळी बटण दाबलं. पहारेकरी.

म्हणजे दिवसा शहाणं आणि सकाळी रुसलेलं. इथे कुणीतरी माझ्या पाठीमागे सेटिंग बदलतंय. मी सगळ्यांना ओळीने उभं करून विचारलं, "कंप्युटरला हात कुणी लावला?" बाइंडरकाका म्हणाले, "मी माझ्या सुईशिवाय कशाला हात लावत नाही." झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी तर त्याच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही." ते मात्र खरं आहे. वाचकबाई म्हणाल्या, "अगं, मला त्याचं बटण कुठंय तेही माहीत नाही." दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणतो, "ताई, शुभ वेळ बघून चालू करा."

मामा, वीस तारखेची बैठक सकाळी दहाला आहे. नेमकी सकाळी. मंडळींसमोर लाल चौकट आली तर मी काय तोंड दाखवू? "थांबा, हा दुपारी चांगला असतो" असं म्हणू?

बारकी

१२ मार्च

चि. बारकीस,

कुणी काही बदलत नाही. तूच बदलतेस आणि विसरतेस, अशी माझी पहिली अटकळ होती. पण बाइंडर साक्षीला म्हटल्यावर गप्प बसतो. तो माणूस टाका चुकवत नाही.

सकाळी गेलीस की एक कर. बटण दाबायचं, थेट सेटिंग उघडायची, आणि काही, काही म्हणजे काही, न बदलता वर कोपऱ्यात तारीख काय आहे ती वाचायची. लिहून घ्यायची. तारीख बरोबर असेल तर माझी अक्कल संपली. चुकीची असेल तर कंप्युटरच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो, तो मेलेला आहे. वीज नसताना त्याच सेलवर कंप्युटर घड्याळ चालवतो आणि तू केलेल्या सेटिंग लक्षात ठेवतो. सेल मेला की सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा कोरा होतो, पहारेकऱ्यासकट.

पण मग प्रश्न राहतोच. नुसतं बंद-चालू केल्याने वीज जात नाही, प्लगमधून थोडी येतच असते, म्हणून दिवसा तो शहाणा. वीज पूर्ण तुटल्याशिवाय विसरणार नाही. तुमच्याकडे रोज संध्याकाळी वीज जाते का? मी होतो तेव्हा तर जात नव्हती. आजूबाजूला विचार. वायरमनला विचार. प्लग ढिला आहे का बघ.

मामा

१६ मार्च

ती. मामा,

बसा. खुर्चीत नीट बसा, पाय खाली.

तारीख पाहिली. कंप्युटरच्या मते मी अजून कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. सेल मेलाय. आजच नवा आणून बसवला, नखाने निघतो आणि नखाने बसतो. इतक्या लहान वस्तूने महिनाभर माझी झोप उडवली.

पण वीज कोण तोडतं? आजूबाजूला वीज जात नाही. वायरमन येऊन गेला, प्लग घट्ट. मग परवा संध्याकाळी सहाला सगळे निघायला लागले तेव्हा मी निघाल्यासारखं केलं आणि कागदाच्या गठ्ठ्यांमागे स्टुलावर बसून राहिले. सव्वासहाला वाचकबाई उठल्या. पर्स घेतली, काठी घेतली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या, दाराशेजारी हात वर केला आणि खाट्कन मेन स्विच खाली ओढला.

मी किंचाळले. त्यांची काठी पडली. दोघी सावरल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्ही तर म्हणालात हात लावला नाही!" त्या म्हणाल्या, "कंप्युटरला कुठं लावला? मी मेन बंद केला. बावीस वर्षं करतेय. शेवटी निघेल त्याने मेन बंद करायचा असं तुझ्या मामांनी सांगितलंय, आणि शेवटी मीच निघते. मला दिव्याची काय गरज?" वर बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं पाटी आहे ना?" आहे. तुमच्या हातची. "जाताना मेन स्विच बंद करणे. आज्ञेवरून." आणि खाली तुमची सही! सकाळी कुलूप उघडून मेन वर ओढतात बाइंडरकाका, तेही बावीस वर्षं. "त्यात सांगायचं काय," असं त्यांचं म्हणणं. मी नऊ वाजता येते, मला सगळं उजळलेलंच दिसतं.

तर मामा, चोर सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या मशीनची आठवण रोज संध्याकाळी तुम्ही पुसत होतात, इतक्या लांब बसून.

इथवर हसून झालं. आता दुसरं.

आज सकाळी टेबलाचा खण आवरला, त्यात पॅनिकच्या पडद्याचा फोटो सापडला. तो मी तुम्हाला पाठवलेलाच नाही. त्या दिवशी मी चहाची यादीही छापली होती, कुणाला साखर, कुणाला बिनसाखर. पाकिटात ती गेली. आणि तुम्ही लिहिलंत, फोटो छान स्पष्ट आला आहे.

मी तुमची सगळी पत्रं काढून बसले. वाचकबाईंनी विचारलं काय झालं. मी त्यांच्या हातात एक दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि मागच्या बाजूने, पेन रुतलेलं असतं ना, त्यावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "हे पट्टी लावून लिहितात. पट्टी घसरते. ओळ बघून लिहिणारा माणूस असं लिहीत नाही." मग पत्र होतं तसं घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिलं.

मामा, तुम्हाला दिसत नाही का? टेबलाच्या पायाचं सांगू नका.

बारकी

१९ मार्च

चि. बारकीस,

हे पोचेल तेव्हा तुझी बैठक होऊन गेलेली असेल. काय झालं ते लिहिशीलच. मला इथे चैन नाही.

आधी पाटीचं. एका रात्री हातोडा अडकून कॉइल जळली होती, सकाळी सगळीकडे धूर. त्या दिवशी ती पाटी रंगवली. तेव्हा नियम बरोबर होता. कंप्युटरचा सेल नवा होता, आणि मीही. इतकी वर्षं कुणी पाळत असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या घरात माझं कुणी ऐकत नाही. बाईंना सांग, मला अभिमानही वाटला आणि लाजही.

आता दुसरं. मधलं गेलं आहे, कडा आहेत. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं, आणि त्याच्या शेजारचं दिसतं. तुझं पत्र मी भिंग लावून, मान वाकडी करून, एकेक अक्षर बाजूने पकडून वाचतो. एका पत्राला दोन दिवस. जाड पेनाने एक दिवस. फोटोत मला करडा चौकोन दिसला. मी गृहीत धरलं, भाची हुशार आहे, योग्य तोच पाठवला असेल. तेवढाच विश्वास ठेवला आणि तेवढ्यातच पकडला गेलो.

फोनवर तू चेहरा दाखवायला सांगतेस. मी तुझ्याकडे बघतोय असं तुला वाटावं म्हणून मला दुसरीकडे बघावं लागतं, आणि ते तुला कळलं असतं. म्हणून पत्रं. दुसरं असं, की गेल्या वर्षभरात "काय करू" असं मला विचारणारी तू एकटी. आंधळ्या म्हाताऱ्याला मशीन कुणी विचारत नाही. मला भीती वाटली की तूही विचारायची थांबशील. बिघाड लिहून कळवायचा असं दुसऱ्यांना सांगत जन्म गेला, स्वतःचा मात्र लिहिला नाही.

ताईला सांगू नकोस. निदान मी सांगेपर्यंत.

मामा

२२ मार्च

ती. मामा,

नमस्कार, पूर्ण. एकही परत घेतलेला नाही.

वीस तारखेला मी साडेआठलाच गेले. बाइंडरकाकांनी नुकतंच कुलूप काढलं होतं, आणि मेन खाली! आदल्या संध्याकाळी वाचकबाईंना दहा वेळा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी नाही गं ओढला, हाताने ओढला." दहाला मंडळी आली, चिटणीससाहेबांची वही उघडी. मी बटण दाबलं. अक्षरं धावली. लाल चौकट नाही. मशीनने एकदा घसा खाकरल्यासारखं केलं आणि सहाही हातोडे जागेवर उभे. नवा सेल, मामा. सगळं लक्षात होतं त्याच्या.

चिटणीससाहेबांचं समाधान होईना. म्हणाले, "आत्ता चालतंय, उद्या सकाळी?" तेव्हा वाचकबाई उठल्या, कुणाला न विचारता दारापाशी गेल्या आणि सगळ्या मंडळासमोर मेन खाट्कन खाली ओढला. अंधार. शंभर आकडे मोजले. मग वर ओढला आणि म्हणाल्या, "साहेब, ही झाली उद्या सकाळ. दाबा बटण." साहेबांनी स्वतः दाबलं. चाललं. त्यांनी वही मिटली. यंदाची सगळी पुस्तकं इथेच छापायची असं ठरलंय, आणि मशीन हलत नाही.

मग साहेब म्हणाले, काहीतरी छापून दाखवा. मी तीन ओळी छापल्या. ते पान सोबत आहे. यावेळी पाकीट दोनदा तपासलंय, चहाची यादी खणात आहे. त्या ओळी मी शाईने लिहून पाठवणार नाही, आणि तुम्हीही आईला फोन करून माझ्याकडून काढून घेऊ नका. वाचकबाईंनी मुळाक्षरांचा तक्ता करून दिलाय, ठिपक्यांच्या प्रत्येक गटाखाली मी जाड पेनाने अक्षर काढलंय. निरोप असा: "धडा दुसरा. पहिला पंधरा वर्षांपूर्वी झाला."

पाठवण्याआधी पान त्यांना तपासायला दिलं. त्यांचं बोट दोन-तीन ठिकाणी थांबलं. मी विचारलं, चुकलंय का? त्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "पाठव. असंच पाठव."

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. इतक्या महिन्यांत मी तुम्हाला डोळ्यांचं काही विचारलं नव्हतं. मशीनचंच विचारत होते, आणि पुढेही विचारणार आहे. तुम्ही सुटणार नाही.

बारकी

३ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद, मागचे निम्मेही व्याजासकट परत.

पहिल्या दिवशी मला कागदावर नुसती मिठाची कणी लागल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी "मामा" सापडलं. एकदा "मा" कळला की दुसरा फुकट मिळतो. पाचव्या दिवशी ताई आली, डब्यासकट. मी टेबलाशी डोळे मिटून कागद चाचपत बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. रडली, ओरडली, आणि मग म्हणाली, "दे, मला बघू दे." तिला एक अक्षर लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढे होतो.

आज नववा दिवस. तुझ्या तीन ओळी अशा आहेत: "मामा, कंप्युटर उठला. मेन स्विच चालू आहे. तुम्ही कधी येता?" बरोबर ना? मी बांधलेल्या मशीनचं मी वाचलेलं हे पहिलं पान.

आता तक्रार, नियमाप्रमाणे लेखी. उजवीकडचा मधला ठिपका ज्या ज्या अक्षरात आहे तिथे मलूल उठतो. बाकीचे पाच टणक, हा एकटा दबलेला. "येता"पाशी माझं बोट दोन दिवस त्यावरच घसरत होतं. आधी वाटलं माझं बोट कच्चं आहे. मग त्याच जागेचा ठिपका सगळीकडे तपासला. बोट कच्चं नाही, पाचव्या हातोड्याची स्प्रिंग थकली आहे. डोळ्यांनी हे मला कधीच कळलं नसतं, कागदावर सगळे ठिपके सारखेच दिसायचे. वाचकबाईंना सांग, धडा दुसरा सापडला, तिसरा काढून ठेवा.

स्प्रिंग बदलणं पत्राने होणारं काम नाही. त्याला हात लागतो, आणि तो माझा अजून शाबूत आहे. पुढच्या शनिवारच्या गाडीने येतो, अकरा वाजता स्टँडवर. ताई सोबत निघाली आहे, इलाज नाही. तू घ्यायला ये. फक्त माझ्या अगदी समोर येऊन उभी राहू नकोस. जरा बाजूला उभी राहा, म्हणजे दिसशील.

मामा